सातूचे चार वाटे

श्रीमद्भगवद्गीतेत साध्या राहणीची भाषा प्रथम कोण करतो, ह्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती भगवंतांनी केलेली नाही; अर्जुनाने केली आहे. पहिल्या अध्यायात तो राज्य नको, भोग नकोत, सुखेही नकोत असे म्हणतो. आणि दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात, गुरुजनांचा वध करून मिळणाऱ्या रक्तलांछित भोगांपेक्षा भिक्षान्नावर राहणे श्रेयस्कर आहे, असे स्पष्टच सांगून टाकतो. राजपुत्राने भिक्षापात्र हाती घेण्यास सिद्ध व्हावे, ह्यापरते वैराग्य ते कोणते? भाविक श्रोत्याला वाटावे की, भगवान आता त्याची पाठ थोपटतील. परंतु भगवंतांनी त्याचे हे वैराग्य मान्य केले नाही, आणि ते का मान्य नाही हे उलगडून सांगण्यात पुढचे अध्याय खर्ची पडले.

ह्यातील मर्म गृहस्थाने नीट ध्यानात घेतले पाहिजे. अर्जुनाला भोग नकोसे झाले होते ते भोगांचे स्वरूप कळल्यामुळे नव्हे. समोर उभे ठाकलेले कर्तव्य दुःखद होते म्हणून. अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत, शरीराला क्लेश होतील ह्या भयाने जो टाकतो त्याचा त्याग राजस ठरविला असून, अशा त्यागाचे फळ त्याला मिळत नाही असा निर्वाळा दिला आहे. कंटाळून टाकलेली वस्तू मनाने टाकलेली नसते. ती दाराबाहेर जाते आणि दुसऱ्या रूपाने खिडकीतून परत येते.

आपल्या घरांतून दरवर्षी हेच घडत असते. दिवाळीच्या अगोदर घरातील गृहिणी फडताळे उपसावयास घेते. वापरात नसलेली भांडी, न नेसलेली लुगडी, बिघडलेली यंत्रे, एकाच कामाच्या तीन-तीन वस्तू ह्यांचा ढीग पाहून सर्वांनाच उद्वेग येतो. अर्धा ढीग बाहेर जातो. दोन दिवस घर मोकळे दिसते, मनही मोकळे वाटते. मग सणाच्या खरेदीला आरंभ होतो, आणि माघ उजाडेतो फडताळाचे दार पुन्हा लागेनासे होते. ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. टाकण्याचा उत्साह जसा क्षणिक, तसाच घेण्याचाही. आणि दोहोंच्या मागची वृत्ती एकच. सोळाव्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात आसुरी मनुष्याचे स्वगत आले आहे. आज हे मिळविले, उद्या तेही मिळवीन. इतके आहे, आणखीही होईल, असा त्याचा हिशेब चाललेला असतो. हे वर्णन वाचताना डोळ्यांपुढे एखादा रावण उभा राहतो. प्रत्यक्षात हा हिशेब मासिक हप्त्यांच्या वहीत, अत्यंत सज्जन माणसाच्या हस्ताक्षरात, नित्य मांडलेला आढळतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याच्या घरात दोन वेळचे अन्नच नाही त्याला साधेपणाचा उपदेश करणे हे पाप आहे. त्याला अन्न द्यावे. प्रस्तुत विवेचन आहे ते ज्यांच्या ताटात पुरेसे पडते आणि तरीही ज्यांच्या घरात जेवताना कोणी हसत नाही, अशांसाठी.

मग गृहस्थाला शोभेल असा साधेपणा कोणता? शास्त्रांत ह्याचे उत्तर सूत्ररूपाने पुष्कळ ठिकाणी आहे. चौथ्या अध्यायात, न मागता सहज जे लाभेल त्यात संतुष्ट असलेल्या कर्मयोग्याचे वर्णन आहे. पतंजलींनी संतोषाला नियमांत स्थान देऊन त्याचे फळ म्हणून ज्याच्या वर दुसरे सुख नाही असे सुख सांगितले आहे. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगताना म्हणतात की, पोट भरेल तेवढ्यावरच देहधारी जीवाची मालकी आहे. त्याहून अधिकावर जो आपला हक्क सांगतो तो चोर होय, दंडास पात्र होय. शब्द कठोर आहे खरा. पण भगवंतांनीही गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना न देता एकटाच भोगणाऱ्याला हाच शब्द लावला आहे. परंतु सूत्रांनी बुद्धीला पटते आणि हात जागचा हलत नाही, असा अनुभव आहे. म्हणून महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील एका घराकडे वळावे. ह्या घरात टाकण्यासारखी एकही वस्तू नव्हती.

युधिष्ठिराचा अश्वमेध नुकताच संपला होता. दानाची गणती उरली नव्हती. राजावर पुष्पवृष्टी होत होती. इतक्यात बिळातून एक मुंगूस निघाले. त्याचे डोळे निळे होते आणि अर्धे अंग सोन्याचे. मनुष्यवाणीने ते म्हणाले की, कुरुक्षेत्रातील एका उंछवृत्तीच्या ब्राह्मणाच्या शेरभर सातूची सरही ह्या यज्ञाला येत नाही. ऋत्विज थक्क झाले. त्यांनी विचारले, तेव्हा त्याने आपण पाहिलेला प्रसंग सांगितला.

कुरुक्षेत्रात तो ब्राह्मण, त्याची पत्नी, पुत्र आणि स्नुषा असे चौघे राहत. कापणी झालेल्या शेतात पडलेले दाणे कबुतराप्रमाणे वेचून आणावयाचे आणि भोजनाच्या सहाव्या वेळी एकदा जेवावयाचे, असे त्यांचे व्रत होते. त्या वेळी काही मिळाले नाही, तर पुढच्या सहाव्या वेळेची वाट पाहावयाची. अशात दुष्काळ पडला. शेते ओस पडली, घरात साठा तर नव्हताच. एके दिवशी भर उन्हात हिंडून त्यांनी कसेबसे प्रस्थभर जव मिळविले. त्याचे सातू केले. जप झाला, होम झाला, आणि प्रस्थाचे चार कुडव करून चौघे जेवावयास बसले. तोच दारात अतिथी आला.

ब्राह्मणाने त्याला आदराने आत आणले, पाद्य दिले, आसन दिले आणि आपला वाटा त्याच्यापुढे ठेवला. अतिथीने तो खाल्ला. त्याचे समाधान झाले नाही. आता कोठून आणावे, अशा विचारात ब्राह्मण पडला असता पत्नी म्हणाली, माझा वाटा द्यावा.

ही कथा सांगताना कीर्तनकार बहुधा येथून धावत सुटतात. पत्नीने दिले, पुत्राने दिले, स्नुषेने दिले, अतिथी म्हणजे साक्षात धर्म होता, सर्वांना विमान आले. मुंगूस त्या सांडलेल्या सातूंत लोळले आणि त्याचे मस्तक व अर्धे अंग सुवर्णाचे झाले. श्रोते टाळ्या वाजवितात. परंतु मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर व्यासांनी देण्यावर थोडे आणि घेण्यातील संकोचावर पुष्कळ लिहिले आहे, असे दिसून येते. पत्नीने आपला वाटा पुढे केला तेव्हा ब्राह्मणाने तो लगेच उचलला नाही. त्याने तिच्याकडे पाहिले. ती वृद्ध होती, भुकेलेली होती, श्रमाने थकलेली होती. अंगावर केवळ कातडे आणि हाडे उरलेली, उभ्या उभ्या कापत होती. तो म्हणाला की, किडे, पतंग आणि पशू ह्यांतसुद्धा स्त्रीचे रक्षण आणि पोषण करावयाचे असते. मग मी तुझ्या तोंडचे कसे घेऊ? पुत्राने आपला वाटा दिला तेव्हा बाप म्हणाला की, तू सहस्र वर्षांचा झालास तरी मला बाळच. लहानांची भूक अनावर असते हे मला ठाऊक आहे, मी म्हातारा, मला उपास सोसेल. स्नुषेची पाळी आली तेव्हा तर वारा आणि ऊन ह्यांनी फिकटलेले तिचे रूप पाहून सासऱ्याला हात पुढे करवेना. प्रत्येक वेळी देणाऱ्याने घेणाऱ्याची मनधरणी केली, तेव्हा कोठे वाटा पुढे सरकला.

त्या झोपडीत प्रत्येकाची दृष्टी दुसऱ्याच्या पानावर होती. कोण किती अशक्त झाले आहे, कोणाला भूक सोसत नाही, कोणाचा चेहरा उतरला आहे, हे त्या चौघांना एकमेकांविषयी पूर्ण ठाऊक होते. अतिथी येण्यापूर्वीच ते ठाऊक होते. अतिथीच्या निमित्ताने ते बोलण्यात आले, इतकेच. कथेतील खरे सुवर्ण ह्या ठिकाणी आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. युधिष्ठिराच्या मंडपात लक्षावधी पाने उठली. पण वाढणाऱ्याला खाणाऱ्याचे तोंड दिसले असेल काय? धर्माने त्या कुटुंबाला नृग राजाचे उदाहरण दिले आहे. नृगाने सहस्रावधी गाई दिल्या आणि त्यांत एक गाय दुसऱ्याची निघाल्यामुळे तो अधोगतीस गेला. राजा दुष्ट नव्हता. गाई इतक्या होत्या की कोणती कोणाची हे ओळखण्याइतकी दृष्टी उरली नव्हती, असेच समजावे लागते.

वस्तू वाढल्या म्हणजे प्रथम हानी होते ती ह्या दृष्टीची. पैशाची हानी त्यामानाने किरकोळ आहे. आणि वस्तू कमी करण्याचे प्रयोजन असेल तर तेही हेच, की मधला अडसर दूर होऊन माणूस माणसाला दिसावा. संख्या कमी करणे हे स्वतःच व्रत मानले, तर त्यातूनही अहंकार उत्पन्न होतो. आपण किती थोडक्यात राहतो हे चारचौघांत सांगत सुटणाऱ्या सज्जनांची उणीव कोठेच नाही. सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा ह्यांसाठी दंभाने केलेले तप राजस म्हटले आहे, आणि त्याच अध्यायात शरीराला विनाकारण पिडणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. कुरुक्षेत्रातील त्या ब्राह्मणाचे व्रत हे आपत्काळातील महात्म्याचे व्रत. सामान्य गृहस्थाने मुलाबाळांना उपाशी ठेवून त्याचे अनुकरण करू नये. त्याच्यासाठी सहाव्या अध्यायातील युक्त आहार आणि युक्त विहार हाच राजमार्ग आहे.

साधेपणातील आणखी एका अन्यायाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुष्कळ घरांत साधेपणाचा संकल्प पुरुष सोडतो आणि त्याचे श्रम स्त्रीच्या माथी पडतात. यजमानांनी ठरविले की बाहेरचे पीठ नको, यंत्र नको, विकतचा फराळ नको. पण दळणे, वाटणे, तळणे त्यांच्या हातांना माहीत नाही. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. ह्या पाचांच्या योगाने नकळत जीवहत्या होते, म्हणून पंचमहायज्ञ करून तिचे क्षालन करावयाचे. ह्या पाचही ठिकाणी दिवसभर कोण उभे असते, हे ज्याने कधी पाहिले नाही त्याने घरातील वाटण्याचे यंत्र काढून टाकावयास सांगू नये. ते यंत्र राहू द्यावे, आणि केरसुणी आपल्या हाती घ्यावी.

मर्यादा कशी घालावी ह्याचा एक अलीकडच्या काळातील दाखला वर्ध्याजवळ पाहावयास मिळतो. 1936 साली महात्मा गांधी सेगावात राहावयास गेले. ह्याच गावाला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील पहिल्या घराला पाचशे रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि साहित्य त्याच परिसरातील असावे, अशी अट त्यांनी घातली होती. अट घर बांधण्याच्या अगोदर घातलेली आहे, हा त्यातील बोधप्रद भाग. घर बांधून झाल्यावर खर्चाचा पश्चात्ताप सर्वच करतात. ज्या गांधींच्या सायंप्रार्थनेत दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाचे श्लोक नित्य म्हटले जात, त्यांनी आश्रमाच्या व्रतांत अस्वादालाही स्थान दिले होते. एवढे व्रत गृहस्थाला झेपेल असे नाही. परंतु मर्यादा अगोदर ठरविणे ही गोष्ट त्याच्याही आवाक्यातील आहे. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर पुढील एकादशीपर्यंत थांबावे. तोवर तिची आठवण राहिली तर घ्यावी. पंधरा दिवसांच्या आत येणारी ही तिथी घरातील कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाहून अधिक काटकसर शिकविते.

आता मुंगसाने न पाहिलेल्या अशा एका घराची कल्पना करावी. निवृत्त झालेले आजोबा, आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. मुलाची नोकरी चांगली, सूनही शिक्षिका. घराचे हप्ते चालू आहेत, गाडीचे चालू आहेत. भांडण असे नाही, पण घरात आनंदही नाही, आणि तो का नाही हे कोणाला सांगता येत नाही. आजोबा सात वाजता जेवतात, कारण पथ्य. नातवंडे भ्रमणध्वनी पुढे ठेवून जेवतात. घास कशाचा आहे हे त्यांना विचारले तर सांगता येणार नाही. मुलगा नऊला येतो आणि दूरदर्शनसंचापुढे ताट घेऊन बसतो. आजी जपमाळ आटोपून कधीतरी जेवते. सून सर्वांचे झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खाऊन घेते आणि उरलेले डबे शीतकपाटात लावते. डबे पुष्कळ आहेत. आठवड्याच्या शेवटी त्यांतील निम्मे टाकून द्यावे लागतात.

आजोबांच्या वाचनात एके दिवशी आश्वमेधिक पर्वातील हा भाग आला. त्यांनी घरात प्रवचन केले नाही. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगून ठेवले आहे की, ह्या धर्माचे थोडेसे आचरणही मोठ्या भयापासून तारते. त्यातील थोडेसे ह्या शब्दावर त्यांनी भिस्त ठेवली. आपली वेळ सातवरून साडेआठवर नेली, आणि त्यासाठी पाच वाजता मूठभर लाह्या खाण्याचे पथ्य वैद्यांना विचारून घेतले. मुलाला इतकेच म्हणाले की, जमेल त्या दिवशी साडेआठपर्यंत ये. भ्रमणध्वनींसाठी देवघराबाहेरच्या कोनाड्यात एक परडी ठेवली आणि त्यांत आपला स्वतःचा प्रथम ठेवला. आठवड्यातून दोन दिवस केवळ खिचडी आणि ताक असावे, असे सुनेशी बोलून ठरले. आणि एक नियम केला: कोणी आपल्या हाताने आपले वाढून घ्यावयाचे नाही.

आरंभीचे दिवस कठीण गेले. नातू परडीकडे पाहत जेवे. मुलाला बोलावयास विषय सापडेना. चमच्यांचा आवाज तेवढा होई. आजीला तर हे थेर वाटले आणि ती तसे म्हणालीही. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे असते, हे अठराव्या अध्यायातील वर्णन मोठमोठ्या तपस्व्यांसाठी आहे असे आपण समजतो. साडेआठच्या पंगतीलाही ते लागू पडते. त्याच प्रकरणात भगवंतांनी म्हटले आहे की, त्या सुखात जीव रमतो तो अभ्यासाने. अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा करणे. आजोबांनी दुसरे काहीच केले नाही. रोज साडेआठला पान मांडून बसले.

तिसऱ्या आठवड्यात एकदा पोळ्या वाढण्याची पाळी मुलावर आली. ओट्यावरचा डबा उचलून तो वाढू लागला, तेव्हा सर्वांत खाली ठेवलेली एक पोळी कडेला करपलेली आणि फाटलेली निघाली. ही कोणाची, असे त्याने विचारले. सून सहज म्हणाली, ती माझी. तवा तापलेला नसताना नाहीतर फार तापल्यावर एखादी अशी होतेच, ती मी बाजूला ठेवते. किती दिवसांपासून, असे त्याने विचारले नाही. लग्नाला बारा वर्षे झाली होती.

त्याने ती पोळी आपल्या पानात घेतली. सून म्हणाली, राहू द्या, मला सवय आहे. आजोबा म्हणाले, मला कडक पोळी आवडते, इकडे आण. त्यांना दातांमुळे कडक पोळी चावत नाही हे घरात सर्वांना ठाऊक होते, म्हणून नात हसली आणि म्हणाली, आजोबांना नको, मला द्या. नातवाने भांडणात मागे राहू नये म्हणून हात पुढे केला. सून एकीकडे हसत होती आणि एकीकडे पदराने डोळे पुसत होती. पोळी ह्या हातातून त्या हातात जात होती. ताटातली आमटी निवू लागली. शेवटी आजीने, माळ बाजूला ठेवून, ती पोळी सर्वांच्या हातून काढून घेतली आणि तिचे सहा तुकडे केले.